कोपऱ्यापर्यंत आलेलं मत

जळगावात म्युनिसिपालटीची निवडणूक आली हे मला वर्तमानपत्रातून कळत नाही, दूधवालीकडून कळतं. वर्षभर जी माप हिसडून घालते, ती एके दिवशी मापावर आणखी एक धार सोडते आणि दुसरीकडे बघत विचारते, "ताई, यंदा कोणाकडं?" तिचा दीर एका उमेदवाराकडे टांगा हाकतो. त्यामुळे ती वरची धार कोणाच्या म्हशीची, हे ओळखायला पंचांग लागत नाही. मी दूध घेते, हसते आणि काहीच बोलत नाही. ती जाताना मान हलवते. माझं नाव तिनं मनातल्या मनात दुसऱ्या बाजूला टाकलेलं असतं.

हे दिवसच असे. कापसाची जिनं धडधडत असतात, रुईचे तंतू उडून वाळत घातलेल्या धोतरांवर बसतात, संध्याकाळी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास येतो, आणि ज्यांनी कधी ओळख दाखवली नाही ती माणसं रस्त्यात थांबून हात जोडतात. माणसानं उगीच हात जोडले की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते, तो कुठून आला आणि आता कोणाच्या ओट्यावर चढणार ते बघायला. ही खोड माझी नाही. ती मला धुळ्याच्या एका हिवाळ्यानं लावली.

यंदा मलाही नमस्कार झाले. हे गेले त्याला तीन हिवाळे झाले. घर माझ्या नावावर चढलं आणि घरपट्टीच्या मागोमाग मतही आलं. कपाळाला कुंकू होतं तोवर मला अक्कल आहे हे सरकारला दिसलं नव्हतं. सगळीकडे स्वराज्य येणार, स्वराज्य येणार चाललंय. येईल तेव्हा येईल. तूर्त आमच्या पेठेत गटारीवरून दोन तट पडले आहेत, आणि सख्खे शेजारी एकमेकांच्या घरी चहा प्यायच्या आधी कपात डोकावून बघतात.

ओसरीवर नाना बसलेले असतात. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून हिवाळ्याचे दोन महिने ते धुळ्याहून माझ्याकडे येतात. लेकीच्या घरी राहणं त्यांना आवडत नाही, पण नातवंडांवर आणि भरितावर त्यांचा जीव आहे. निवडणुकीची दवंडी कानावर पडली की त्यांचे डोळे बारीक होतात. काठीची मूठ चोळत ते तोच प्रश्न विचारतात. एवढी वर्षं झाली, पण प्रश्न जुना होत नाही.

"आक्कानी कोणले मत दिनं व्हई गं?"

आक्का त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला जाऊनही आता बराच काळ झाला. नानांनी निवडणूक लढवली ती एकदाच, धुळ्याला. त्यात ते पडले. पडण्याचं दुःख माणूस विसरतो. पण आपल्याच बहिणीनं आपल्याला पाडलं की काय, हा काटा त्यांनी काढला नाही आणि दुसऱ्या कोणाला काढूही दिला नाही.

मी त्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आमची चौथी गल्ली, आक्काची सहावी. धुळ्याच्या गल्ल्या नंबरांनी ओळखतात, त्यामुळे माणसंही तशीच बोलतात: पाचवीचा अमुक फुटला, दुसरी आपल्याकडे आहे, सातवीचा भरवसा नाही. नानांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. नांगर सोडून शहरात आलेली आमची पहिलीच पिढी. समोर उभे होते ते शेठजी, दोन जिनांचे मालक. नाना म्हणायचे, एकदा मेंबर झालो की बघा, आज ना उद्या प्रेसिडेंटच्या खुर्चीवर शेतकऱ्याचं पोर बसंल. आई हसायची. आक्का हसायची नाही. तिला ती खुर्ची खरंच दिसत असावी.

नानांची आई ते रांगत असतानाच गेली. आक्कानंच त्यांना कडेवर वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, आणि फार लवकर ती एकटी पडली. नवऱ्याचं दोन खणांचं घर तिच्या नावावर राहिलं. ती रोज दुपारी आमच्याकडे यायची, माझ्या पोटाकडे बघायची, डिंकाचे लाडू वळायची आणि दिवेलागणीला परत जायची. नाना उमेदवारीचा अर्ज भरायला निघाले तेव्हा ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. आईनं ओवाळलं, दही दिलं. आक्का त्या वेळी मागच्या खोलीत माझ्याजवळ बसून होती. कोणी शुभ कामाला निघालं की ती कधी समोर येत नसे. आम्हीही कधी बोलावत नसू. बाहेर टांगा हलल्याचा आवाज आला तेव्हा तिनं बसल्या जागी हात जोडले आणि लाडू वळायला घेतला.

मग संशयाचा हंगाम सुरू झाला. शेतात भरताची जेवणं उठू लागली. वांगी, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. ज्याचं भरीत खाल्लं त्याला मत, अशी बोली होती. पण खानदेशी माणसाच्या पोटाला दोन भरितं जड जात नाहीत. दुपारी आमच्याकडे जेवलेला माणूस संध्याकाळी शेठजींच्या मळ्यात बोटं चाटताना दिसायचा. म्हणून मग बेलभंडारा उचलायला लावायचं ठरलं. बेलाचं पान, त्यावर भंडारा, आणि हात ठेवून शपथ. त्यातही एकानं दोन्हीकडे हात ठेवला. तेव्हा आमच्या बाजूच्यांनी अशी समजूत काढली, की तिकडे उचलला तो बेल नव्हताच, बोरीचा पाला होता. तिकडचे आमच्याबद्दल हेच म्हणत असणार.

या सगळ्याचे सूत्रधार दगडूभाऊ, नानांचे लहानपणापासूनचे मित्र. कानात अत्तराचा फाया आणि नजर कायम तिरपी. त्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नसावा. रोज सकाळी ते आमच्या ओट्यावर बसून माणसांचा निकाल लावत. हा पान खाताना हसला म्हणजे फुटला. तो हसला नाही म्हणजे आधीच फुटलेला. अमळनेरला म्हणे कोणी उमेदवारानं मतदारांना रात्रभर कीर्तनात कोंडून ठेवलं. बोदवडला म्हणे दोन्ही बाजूंनी एकच टांगेवाला फितवला. खरं-खोटं कोणी पडताळत नव्हतं. नाना आधी या गोष्टींना हसत. पुढे पुढे हसू थांबलं आणि ते आमच्या न्हाव्याकडून दाढी करून घेईनात. शेठजींची दाढी तोच करायचा. गळ्यावर वस्तरा फिरवणाऱ्या माणसाचं मत कोणाला, या विचारानं त्यांना झोप येईना.

एका सकाळी विषय बायकांच्या मतांवर आला. बायकांसाठी मुलींच्या शाळेत वेगळी खोली, वेगळी पेटी आणि एकच दार. दगडूभाऊंना तेच खुपत होतं. बाया डोक्यावरून पदर ओढून येणार, कोण आली कोण गेली कळणार कसं? मग त्यांना युक्ती सुचली. शाळेच्या दाराशी आपल्या घरच्या सवाष्णींनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभं राहायचं. येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावायचं. मानही झाला आणि पारखही झाली.

"जी कुंकू लाई लेई ती आपली," दगडूभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. "जी तोंड फिराई ती त्यासनी. बठ्ठं चित्र तठेच समजी जाई."

सगळ्यांना ते इतकं आवडलं, की आईनं लगेच चांदीचा कुयरी करंडा चिंचेनं घासायला काढला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मलाही ते हुशारीचं वाटलं. आक्का तेव्हा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. खरं तर तिनं ते ऐकलं नव्हतंच. भाकरीच्या थापण्यात तिला बाहेरचं ऐकू येत नसे. पुढे मी हे फार वेळा आठवून बघितलं आहे.

मतदानाच्या दिवशी मला जड झालेलं, म्हणून मी घरीच. खिडकीतून गल्ली दिसत होती. टांगे, पोरांचा गोंगाट, नानांचा नवा फेटा. दिवेलागणीला आई परतली. ताट जवळजवळ तसंच भरलेलं होतं. उंबऱ्यावरच ती बसली.

"बाया उन्याच नहीत," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आक्का उन्या व्हत्यात. कोपरालगून. माले देखीसन माघारी फिरी ग्यात."

"कोपऱ्यावरून माघारी?" नाना म्हणाले.

"हा. नवं लुगडं नेसेल व्हत्यात. घडी मोडेल."

दगडूभाऊ तिथंच उभे होते. त्यांनी काही म्हणायची गरज नव्हती, पण ते म्हणालेच. "नवं लुगडं कोणी दिनं?"

त्या एका प्रश्नानं आमच्या घरातून आक्का उठली. दुसऱ्या दिवशी पेट्या उघडल्या तेव्हा पुरुषांच्या पेटीत नाना बरोबरीला होते. बायकांची पेटी हलकी निघाली, आणि जी थोडी मतं होती ती शेठजींच्या नात्यागोत्यातली. नाना थोडक्यात पडले. हिशेब असा मांडला गेला की शेठजींनी लुगडी वाटून आमच्या बाया घरात बसवल्या, आणि त्या लुगड्यांपैकी एक नानांच्या सख्ख्या बहिणीच्या अंगावर होतं. सहाव्या गल्लीत नळ आणायचं वचन शेठजींनी दिलं होतं, तेही या हिशेबात चपखल बसलं. संशयाचं हेच वाईट. त्याला पुरावा शोधावा लागत नाही; जे दिसेल ते त्याच्या कामी येतं.

आक्का आठवडाभर आली नाही. मग माझं बाळंतपण झालं तेव्हा आली, बाळाला न्हाऊ घालायला बसली. तिच्या पायांवर माझा मुलगा आणि समोर बाजेवर मी. दार लोटलेलं होतं. मी हळूच विचारलं, "आक्का, त्या दिवशी तू मत द्यायला गेली नव्हतीस?"

तिचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"कोपरालगून उनी व्हतू मी," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? पानी गरम शे का देख."

मी पाणी बघितलं. उत्तर टाळलं म्हणजे मनात काहीतरी आहे, हे मी तोवर दगडूभाऊंकडून शिकले होते. संध्याकाळी मी ते वाक्य आईला सांगितलं, आईनं नानांना. नाना म्हणाले, "म्हणजे कोपऱ्यावर कोणी तरी भेटलं तिला." ते शहरी बोलीत बोलले. रागावले की ते असेच म्युनिसिपालटीत भाषण केल्यासारखे बोलायचे.

पुढे आखाजी आली. खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात. आक्का दोनच गल्ल्या पलीकडे राहायची, तरी दर आखाजीला नाना स्वतः तिला आणायला जात. तो मान होता. त्या वर्षी ते गेले नाहीत. खापरावरची पुरणपोळी आक्काच्याच हातची व्हायची. ती लुसलुशीत, दोन्ही कोपरांवर तोलून खापरावर टाकायची कला आईला कधी जमली नाही. आईनं तव्यावर केल्या. नानांनी एक खाल्ली आणि ताटावरून उठले. दिवाळीत भाऊबीजेलाही ते गेले नाहीत. आक्का ओवाळत नसे, नुसतं ताट वाढून समोर बसायची आणि नाना जेवायचे. तेवढीच त्यांची भाऊबीज. ती मोडली, ती कायमची. आक्का गेली तेव्हा नाना धावत गेले. खांदा दिला, खूप रडले. रडतानाही त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुले तरी सांगं व्हतं का तिनी?" मला त्या वेळी त्यांचा संताप आला होता. आजही येतो.

आता ही जळगावची गोष्ट, गेल्या आठवड्यातली. माझं पहिलंच मत. उमेदवार कसे आहेत ते मला ठाऊक होतं. एक चोर आहे आणि दुसऱ्याला अजून संधी मिळालेली नाही. तरी सकाळपासून मनात काहीतरी वाजत होतं. मी पेटी उघडली आणि भावानं मागच्या वर्षी घेऊन दिलेलं इरकली लुगडं काढलं. इतके दिवस नेसले नव्हते; कुठे जायचं होतं नेसून? घडी मोडली, पदर नीट घेतला. नाना ओसरीवरून बघत होते. "जाय बाई," म्हणाले. "कोणले सांगू नको मात्र. भिंतीसले कान ऱ्हातस."

शाळा दोन रस्ते पलीकडे. कोपऱ्यावरून वळले आणि दारात मला ते दिसलं.

हळदीकुंकवाचं ताट. तीन-चार सवाष्णी, केसांत गजरे, काकणांची किणकिण, आणि येणाऱ्या बाईच्या कपाळाकडे जाणारं बोट. यंदाच्या हुशार माणसालाही दगडूभाऊंचीच युक्ती सुचली होती. तिथं उमेदवाराची तरुण सून उभी होती, हसरी, पहिल्यांदाच मिरवायला मिळालेली. आत तिच्या सासऱ्याचं नशीब ठरणार होतं. दाराशी शुभकार्य मांडलेलं. आणि त्यात मी, मोकळ्या कपाळाची, सकाळच्या प्रहरी तिच्या समोर जाऊन उभी राहणार.

माझे पाय थांबले. मी ठरवून थांबले नाही, पायच थांबले. मी बाजूला बघितलं तर पानाच्या ठेल्याच्या आडोशाला आणखी तिघी-चौघी उभ्या होत्या. सगळ्या चांगलं नेसलेल्या आणि सगळ्यांची कपाळं माझ्यासारखीच. एकजण सावकाश वळून घराकडे चालू लागली होती.

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं आम्ही काय बघत होतो. नवरा जिवंत असताना घर बायकोच्या नावावर कोण करतो? बायकांच्या यादीत शेठजींसारख्यांच्या चार घरच्या सोडल्या, तर आक्कासारख्याच सगळ्या. आणि त्या साऱ्यांच्या वाटेत आम्ही कुंकवाचं ताट घेऊन उभे होतो, कोण आपली आणि कोण परकी ते पारखायला. शेठजींनी एकही लुगडं वाटलेलं नसणार. त्यांना काही करावंच लागलं नाही. आक्का भावासाठी नवं लुगडं नेसून आली, दारात भावजय शुभाचं ताट घेऊन उभी दिसली, आणि भावाच्या कामात आपला अपशकुन नको म्हणून परत गेली. भावजयीला बोल लागू नये म्हणून पुढे काही बोललीही नाही. माझ्याजवळ तिनं जे सांगितलं ते अगदी खरं सांगितलं होतं.

मला रडू आलं आणि रागही आला, एकाच वेळी. मी पदर खोचला आणि चालायला लागले. त्या सुनेनं सवयीनं बोट उचललं, मग माझ्या कपाळाकडे बघितलं आणि बोट तसंच हवेत राहिलं. बिचारी गोंधळली. "काकू, तुम्ही... तुम्ही जा ना आत," म्हणाली.

"जाते," मी म्हटलं. "ते ताट ओट्यावर ठेव बाई. तिकडं बायका खोळंबल्यात."

तिनं वळून ठेल्याकडे बघितलं. तिला काय समजलं कोण जाणे, पण ताट तिनं खाली ठेवलं. मी मत दिलं. कोणाला ते सांगणार नाही. एवढं तरी नानांचं मानते. बाहेर आले तेव्हा ठेल्यापाशी एकच बाई उरली होती. तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं. बाकीच्या घरी गेल्या होत्या.

घरी आले. नानांनी डोळे बारीक केले. आत्ता ते विचारणार आणि मग जुना प्रश्नही निघणार, हे ठाऊक होतं. मी पायरीवरच बसले.

"नाना, मी आज कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले," मी म्हटलं. "दारात कुंकवाचं ताट होतं. जशी त्या वर्षी आई उभी होती, तशीच एक सून उभी होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कपाळाकडे बघितलं. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले. जिनाचा भोंगा वाजला, रस्त्यावरून सरकीची गाडी गेली.

"नवं लुगडं," ते म्हणाले. "नवं लुगडं नेसेल व्हती ना ती?"

"हो, नाना."

"मनासाठे? भाऊसाठे?"

मी मान डोलावली. नाना उठले, भिंतीला धरून आत गेले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी कोण निवडून आलं ते सांगायला शेजारचे आले, ढोल वाजले, गुलाल उडाला. नाना उठले नाहीत. रात्री मी भरिताचं ताट घेऊन गेले तेव्हा ते जागेच होते.

"आखाजीले तू धुळाले ये," ते म्हणाले. "सहावी गल्लीमा जानं शे."

त्या घरात आता भाडेकरू राहतात. ते त्यांनाही ठाऊक होतं; मी आठवण करून दिली नाही. "जाऊ," म्हटलं, आणि ताट त्यांच्यासमोर ठेवून समोर बसले.